बोल्ट कुणाच्या हाती?

(तृतीय वर्ष कला)

रायफल म्हटली की आपल्याकडे लोकांना दोनच गोष्टी आठवतात : एक चाप आणि दुसरा 'ठो' असा आवाज. या दोहोंच्या मध्ये काय घडते, आणि त्याच्याही आधी काय घडलेले असते, याची चौकशी करायला कुणी थांबत नाही. सिनेमाने आपल्याला हेच शिकवले आहे. नायक चाप ओढतो, खलनायक पडतो; नायकाने आधी काडतूस घातले होते काय, बोल्ट नीट बंद केला होता काय, असले क्षुद्र प्रश्न विचारणाऱ्याला तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत! पण खेळ म्हणून जो रायफल हाती घेतो त्याला पाचदहा दिवसांतच कळते, की चाप ही फार शेवटची गोष्ट आहे. गोळी कुठे जाणार याचा बराचसा निकाल त्याआधीच लागलेला असतो, आणि तो बोल्टपाशी लागलेला असतो.

हे सारे लिहायला निमित्त झाले ते एका खरेदीचे. आमच्या तालुक्याच्या रायफल क्लबने वर्गण्या जमवून गेल्या वर्षी .२२ ची एक परदेशी बनावटीची टार्गेट रायफल घेतली. घेतली म्हणजे कोरी नव्हे. खेळ सोडणाऱ्या एका नेमबाजाकडून, दुसऱ्या हाताची. तरीही किंमत ऐकून माझ्या वडिलांनी 'एवढ्यात दोन म्हशी येतील आणि वर गोठा होईल' असा हिशेब मांडला, आणि तो हिशेब काही चुकीचा नव्हता. कारखान्याचे नाव मी मुद्दामच देत नाही. जाहिरात करायची नाही आणि बदनामीही करायची नाही. ही एक रायफल आम्ही सहाजण वापरतो. चार मुलगे आणि दोन मुली. पहिल्या महिन्यातच तिच्याविषयी क्लबात दोन तट पडले. बहुसंख्यांचे मत असे, की आपण फसलो, माल बाद आहे. दुसरे मत एकट्या मामांचे. मामा म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले आर्मरर. सारा क्लब त्यांना मामा म्हणतो. त्यांचे म्हणणे, रायफलीत दोष नाही, खोडी आहेत. मी मामांच्या बाजूची. मात्र माझे भांडण याच्याही थोडे पुढचे आहे. त्याकडे येण्यापूर्वी या खोडी वाचकांना सांगणे भाग आहे, नाहीतर भांडणाला अर्थ राहणार नाही.

ज्यांनी कधी रायफल पाहिली नाही त्यांनी घराच्या दाराचा अलड्रॉप डोळ्यांसमोर आणावा. दांडी वर उचलायची, मागे सरकवायची, पुन्हा पुढे ढकलायची आणि खाली पाडायची. बोल्ट अॅक्शन म्हणजे हेच. दार लागते ते काडतुसाच्या मागे, एवढाच फरक. जर्मनीतल्या ज्या द्रायझे नावाच्या कारागिराची बोल्टची बंदूक प्रशियाने १८४१ साली सैन्यासाठी स्वीकारली, तो एका कुलूपवाल्याचा मुलगा होता, हे वाचले तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. पुढे माउझरने १८९८ साली या कल्पनेला जे रूप दिले त्याची छाप अजून जगभरच्या रायफलींवर आहे. इंग्रजांनी आपल्याकडे आणली ती ली-एन्फील्ड. ती इकडे इच्छापूरच्या कारखान्यातही तयार झाली, आणि तिच्याच कुळातल्या.२२ वर एनसीसीच्या कित्येक पिढ्यांनी पहिली गोळी झाडली.

आणि पहिली खोड नेमकी इथेच आहे. फायरिंग पिनच्या मागची स्प्रिंग कधीतरी दाबली गेलीच पाहिजे, त्याशिवाय पिन काडतुसावर आपटणार कशी? ली-एन्फील्ड जातीत ती दाबली जाते बोल्ट पुढे ढकलून बंद करताना. म्हणून दांडी उचलायला हलकी, आणि शेवटचा इंचभर मात्र जोर लावायचा. माउझरच्या १८९८ च्या पद्धतीत उलटे : दांडी वर उचलतानाच स्प्रिंग दाबली जाते, पुढे ढकलणे लोण्यासारखे. आमची नवी रायफल या दुसऱ्या जातीची. एनसीसीच्या .२२ वर हात बसलेली मुले तिच्यावर आली, आणि दांडी जड लागते म्हणून कुरकुरू लागली. 'तेल घाला', 'घासून घ्या', 'स्प्रिंग बदला' अशा सूचना आल्या. वास्तविक कष्ट तेवढेच होते, फक्त त्यांची जागा बदलली होती.

पण जागा बदलल्याने बरेच काही बदलते, हेही तितकेच खरे. पालथे पडून नेम धरताना रायफल खांद्यात बसलेली असते, गाल दस्त्यावर टेकलेला असतो, डावा हात पट्ट्यात आवळलेला असतो. अशा वेळी दांडी झटक्याने उचलली तर सगळी रायफल कलते आणि दस्त्याचे बूड खांद्यात किंचित सरकते. ते किंचित म्हणजे किती? ५० मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढे. तिथे 'किंचित' हा शब्द फार मोठा आहे. आमच्यातला एकजण सतत नऊवर उजवीकडे मारत होता आणि दुर्बिणीच्या साइटला दोष देत होता. (दुर्बीण कसली! या खेळात भिंग लावलेली दुर्बीण चालतच नाही. बारीक भोकातून पाहायचे असते. पण क्लबात तिला दुर्बीणच म्हणतात.) मामांनी त्याला रिकाम्या रायफलीवर नुसती दांडी उचलायला लावली आणि आम्हांला म्हणाले, "नळीकडं बघा, त्याच्याकडं नगं." दर वेळी नळीचे तोंड हलत होते.

दुसरी खोड अधिक गंभीर वाटली, कारण तिच्यामुळे रायफल परत करण्यापर्यंत गोष्ट गेली. पंचवीस-तीस गोळ्यांमागे एखादी उडायचीच नाही. चाप ओढला की नुसते 'टक्'. .२२ च्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या मध्यभागी नसून कडेच्या पोकळ काठात भरलेला असतो. पिन त्या काठाला चिमटीत धरल्यासारखी ठेचते तेव्हा तो पेटतो. ठेच उथळ पडली की गोळी उडत नाही. काडतुसे खराब आहेत असे एकाने ठरवले, स्प्रिंग गेली आहे असे दुसऱ्याने. मामा म्हणाले, "टरफलं टाकू नगासा, हिकडं आणा." वर्तमानपत्र पसरून त्यावर त्यांनी चाळीसएक टरफले ओळीने मांडली आणि भिंग घेऊन ते प्रत्येकाच्या काठावरची ठेच पाहत बसले. चांगली खोल ठेच, मध्यम ठेच, उथळ ठेच. मराठीच्या तासाला आम्ही पाठभेद लावतो तसाच हा प्रकार होता, आणि मला तो मनापासून आवडला.

त्यातून दोन कारणे निघाली. एक म्हणजे काहीजण दांडी पूर्ण खाली पाडत नव्हते. या जातीच्या अॅक्शनमध्ये दांडी थोडी वर राहिली तर पिन सुटताना तिचा जोर आधी ती दांडी खाली ओढण्यात खर्च होतो आणि उरलासुरला जोर काडतुसावर पडतो. दुसरे कारण बोल्टच्या पोटात होते. आधीच्या मालकाकडे रायफल बरेच महिने पडून होती. जपणूक म्हणून त्याने आत भरपूर ग्रीज घातले होते. ते घट्ट होऊन काकवीच्या गाळासारखे झाले होते, आणि पिनची धाव त्यात मंदावत होती. चाप सुटल्यापासून पिन आपटेपर्यंतचा काळ चांगल्या टार्गेट रायफलीत सेकंदाच्या काही हजाराव्या भागांइतकाच असतो. त्या वेळात हात जितका कमी हलेल तितके बरे, म्हणून तर हा काळ कमी करायला कारखानदार आटापिटा करतात. आणि आम्ही त्यात ग्रीज कालवून नेम धरत होतो! मामांनी बोल्ट सोडवला, पुसून कोरडा केला, पातळ तेलाचा नुसता हात फिरवला. त्या दिवसापासून 'टक्' बंद झाले. नवी स्प्रिंग मागवायचे पत्र लिहून तयार होते, ते फाडले.

काडतूस आत घालण्याचीही तिची एक रीत आहे. या रायफलीला मॅगझिन नाही. एकेक काडतूस पन्हाळीत ठेवून अंगठ्याने किंचित पुढे सारायचे, मग बोल्ट लावायचा. शिशाची गोळी फार मऊ असते. ती घाईने लोटली तर नळीच्या तोंडाला घासून तिची एक बाजू सोलली जाते, आणि सोललेली गोळी सरळ जाईल ही अपेक्षा व्यर्थ आहे. टार्गेट रायफलीच्या नळीचे घर मुद्दाम तंग ठेवलेले असते. बोल्ट बंद होताना गोळीचे नाक नळीतल्या आट्यांत रुतते, म्हणून शेवटी हाताला थोडे अडल्यासारखे लागते. हे अडणे म्हणजे बिघाड नव्हे. मात्र याचा एक परिणाम ध्यानात ठेवावा लागतो. न झाडलेले काडतूस तसेच ओढून काढले तर कधी गोळी नळीत अडकून राहते, टरफल तेवढे बाहेर येते आणि दारू अॅक्शनमध्ये सांडते. त्यानंतर नळी मोकळी आहे याची खात्री केल्याशिवाय दुसरे काडतूस घालणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल. आमच्याकडे हे दोनदा घडले, दोन्ही वेळा मामा हजर होते. ते नसते तर त्या मुलाला हे कळले असते काय, हा प्रश्न मी पुढे विचारणार आहे.

बारीकसारीक खोडी आणखी आहेत. बोल्ट हळू ओढला तर रिकामे टरफल बाहेर न पडता पन्हाळीतच बसून राहते. ओढण्यात थोडा निश्चय लागतो. नळी साफ केल्यावर पहिल्या काही गोळ्या भरकटतात. काडतुसावरच्या मेणाचा थर नळीत पुन्हा बसला की घोळका जमतो. एकाच कारखान्याच्या काडतुसांचा एक लॉट तिला मानवतो, दुसरा मानवत नाही. मोठे नेमबाज इंग्लंड-जर्मनीच्या काडतूस-कारखान्यांत आपली रायफल घेऊन जातात आणि लॉट पारखून आणतात ते याचसाठी. आम्ही तालुक्याचे लोक मिळेल त्या लॉटवर समाधान मानतो. त्याविषयी तक्रार नाही.

पावसाळ्याची गोष्ट मात्र दोन शब्दांत आटोपण्यासारखी नाही. आमच्या रायफलीचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आहे आणि अॅक्शन त्यात दोन स्क्रूंनी आवळलेली आहे. जर्मनीतल्या लाकडाला आमच्याकडचा पाऊस कुठून ठाऊक असणार? जूनच्या शेवटच्या आठवड्यात घोळका एकाएकी वर सरकला आणि फाकलाही. पोरांनी साइट फिरवायला सुरुवात केली. दोन आठवड्यांत साइट इतकी फिरली, की मूळ खूण कुठे होती हेच कुणाला सांगता येईना. लाकूड ओलाव्याने फुगले होते, आणि स्क्रूंचा कस बदलला होता. हे दोन स्क्रू नेहमी त्याच क्रमाने आणि तेवढ्याच जोराने कसायचे असतात. त्यासाठी ठराविक जोर झाला की सुटणारा पाना मिळतो. क्लबात तसा पाना नव्हता. आपल्याकडे कुठलाही स्क्रू 'गच्च' या एकाच मापाने आवळतात. शेवटी पाना मागवला, आणि मग कुठे साइट जागेवर आली. आजकाल अॅल्युमिनियमचे दस्ते येतात, त्यांना हा त्रास नाही. पण ते विकत घ्यायचे तर पुन्हा म्हशींचा हिशेब आला.

आता भांडणाकडे वळते.

या सगळ्या खोडी आम्हांला कळल्या त्या मामांमुळे. क्लबाचा नियम मात्र असा आहे, की बोल्ट काढणे, पुसणे, उघडणे हे काम प्रशिक्षक सरांचे. मुलांनी फक्त नेम धरायचा. नियम कागदावर मुलामुलींना सारखाच आहे. प्रत्यक्षात मुलगे सरांच्या नजरेआड हात लावतात आणि कुणी फारसे रागावत नाही. आम्ही दोघी पुढे झालो की 'राहू दे ताई, सर काढून देतील' असे ऐकू येते. बोल्टचे वजन ते काय! घरी पाण्याची घागर उचलताना असे कुणी म्हटलेले मला आठवत नाही. एकदा मी फारच विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "तू कला शाखेची ना? तुला यंत्राशी काय करायचंय?"

या उत्तराचा मला अजून उलगडा झालेला नाही. कला शाखेत यायचे म्हणजे हात घरी ठेवून यायचे असते काय? दहावीनंतर आपल्याकडे मुलांची जी वाटणी होते तिचा हा एक विनोदी परिणाम आहे. शास्त्रवाल्यांना कवितेत गती नसते असे गृहीत धरतात आणि कलावाल्यांना स्क्रू-ड्रायव्हर कुठल्या बाजूने धरायचा ते कळत नाही असे मानतात. नेमबाजीत तर हे विशेषच हास्यास्पद आहे. अंजली भागवत मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात एनसीसीच्या वाटेने या खेळात आल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून सुवर्णपदक आणले आणि तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली. त्या रायफलींचे बोल्ट काय कुणी दुसऱ्याने उघडझाप केले होते? साठ गोळ्यांच्या फेरीत चाप जितक्या वेळा ओढायचा तितक्याच वेळा बोल्टही उचलायचा असतो. शिवाय सुरुवातीच्या अंदाजाच्या गोळ्या निराळ्या. ज्या वस्तूला हात साठ वेळा लागतो, तिच्या पोटात काय आहे ते त्या हाताला माहीत नसावे, हा कुठला न्याय?

सरांची बाजू मला कळत नाही असे नाही, आणि ती खोटी तर मुळीच नाही. परवाना क्लबाच्या नावावर, जबाबदारी सचिवांच्या डोक्यावर. बोल्टमधला एखादा बारीक तुकडा गवतात पडला तर तो इथे बाजारात मिळणार नाही, परदेशातून मागवावा लागेल. शिवाय एक खरा धोका आहे. दोन रायफली शेजारी उघडल्या आणि बोल्टची अदलाबदल झाली, तर दिसायला सारखा बोल्ट दुसरीत बसूनही जाईल. पण बोल्ट आणि नळी यांचे अंतर एकमेकांना जुळवून ठेवलेले असते. काडतुसाच्या काठाची जाडी सुमारे एक मिलिमीटर, तेव्हा जुळणीत थोडाही फरक पडून कसे चालेल? म्हणून तर दोहोंवर सारखे क्रमांक कोरलेले असतात. हे सगळे मान्य. पण यातून नियम निघतो तो 'हात लावू नका' असा नव्हे, 'क्रमांक वाचायला शिका' असा निघतो. सरांना असे वाटते, की न उघडलेली वस्तू सुरक्षित असते. माझे म्हणणे असे, की ज्या मुलाला नळी मोकळी आहे की नाही हे बोल्ट काढून पाहता येत नाही, त्याच्या हाती रायफल असणे हाच मोठा धोका आहे. ते दोनदा अडकलेले शिसे आठवा. मामा सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आहेत. पावसाळ्यात त्यांचे गुडघे धरतात आणि मग ते आठ-आठ दिवस रेंजवर येत नाहीत.

दुसरीही एक गोष्ट आहे, ती जरा स्पष्टच लिहिते. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक मिळवले, आणि त्यानंतर आमच्याकडे क्लबाच्या दारात पालकांची रांग लागली. स्वागतच आहे. चौकाचौकांत फलकही लागले. पण येणारा प्रत्येकजण विचारतो तो एकच प्रश्न : "रायफल कोणती घ्यायची?" घेतल्यावर तिच्याशी काय करायचे, हे आजवर कुणी विचारलेले मी ऐकले नाही. मग सहा महिन्यांत मुलाचे गुण वाढले नाहीत, की दोष रायफलीचा ठरतो, ती विकली जाते, आणि दुसरी येते. ज्यांना दुसरी घेणे परवडते त्यांचे ठीक आहे. आमच्यासारख्या सहाजणांत एक असलेल्यांना ती चैन नाही. आम्हांला हिच्याच खोडी शिकून घ्यायच्या आहेत. नेमबाजी हा श्रीमंतांचा खेळ आहे असे म्हणतात, आणि पैशांपुरते ते खरेच आहे. पण टरफलांवरच्या ठेचा वाचायला पैसे पडत नाहीत. एक जुने वर्तमानपत्र आणि एक भिंग पुरते.

क्लबाच्या कार्यकारिणीपुढे मी लेखी मागणी ठेवली आहे. सहाही जणांना बोल्ट काढणे, पुसणे, बसवणे आणि नळी मोकळी आहे हे तपासणे मामांनी शिकवावे. शिकवताना टेबलावर एकावेळी एकच रायफल असावी. ज्याला हे जमले त्याचे नाव सरांनी सहीनिशी लिहून ठेवावे, आणि ज्याला जमले नाही त्याला काडतूस देऊ नये. मुलगा-मुलगी हा भेद त्यात कुठेही नाही. कोरड्या सरावासाठी पन्हाळीत नुसती हवा नको, झाडलेले टरफल तरी घालावे, म्हणजे पिन नळीच्या काठावर आपटणार नाही, हेही कलम मामांच्या सांगण्यावरून घातले आहे. सरांनी अर्ज वाचला आणि 'बघू' म्हणाले. 'बघू' चा अर्थ आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तरी सरांनी अर्ज फाईलला लावला, परत दिला नाही, एवढी गोष्ट खरी.

दरम्यान रायफलीसाठी मी एक वही घातली आहे. दोनशे पानी, दुरेघी नव्हे, साधी. रकाने असे : तारीख, हवा, काडतुसाचा लॉट, दोन्ही स्क्रूंचा कस, साफ केल्यापासून कितवी गोळी, न उडालेली काडतुसे, आणि शेवटी कुणी वापरली. सहाजणांपैकी चौघे ती रोज भरतात. पाचवा आठवण करून दिली की भरतो. सहाव्याचे म्हणणे असे, की त्याला रायफल न लिहिताच कळते. त्याचे गुण वहीत इतरांच्या खाली लिहिलेले आहेत, ते कुणालाही पाहता येतील.